केळवण आणि आहेर : देण्याचा हिशेब व घेण्याची रीत

कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांचे दिवस सुरू होतात. आषाढी एकादशीपासून पंचांगात मिटून राहिलेली मुहूर्तांची पाने पुन्हा उघडली जातात आणि घरोघर पत्रिका येऊ लागतात. काही टपालाने, काही हातोहात, आणि हल्ली पुष्कळशा मोबाइलच्या पडद्यावर. पत्रिका आली म्हणजे घरात प्रथम आनंद होतो. मुलगी कुठली, मुलगा काय करतो, कार्यालय कोणते, अशी चौकशी होते. मग थोड्या वेळाने, आवाज किंचित खाली आणून गृहिणी विचारते, "आहेर काय करायचा?" आणि घरात क्षणभर शांतता पसरते.

त्या शांततेत काय काय असते हे मध्यमवर्गीय घरांना सांगावयास नको. त्या घरच्या मंडळींनी गेल्या साली काय दिले होते, ते आठवण्याचा प्रयत्न असतो. याच महिन्यात आणखी तीन लग्ने आहेत, ही जाणीव असते. शाळेचे शुल्क, विम्याचा हप्ता, म्हाताऱ्या माणसांची औषधे, यांची बेरीज मनात चाललेली असते. आणि कधी कधी या साऱ्या हिशेबाचा शेवट असा होतो की, "प्रकृती बरी नव्हती" असा निरोप पाठवून माणसे त्या लग्नाला जातच नाहीत. ज्या मुलीला लहानपणी कडेवर घेऊन फिरविले तिच्या अक्षता चुकतात. कारण इतकेच की पाकिटात घालावयास शोभेलशी रक्कम नव्हती. आहेराची चाल माणसांना एकत्र आणण्यासाठी पडली. तीच जर माणसांना दूर ठेवू लागली तर तिच्यात कोठेतरी बिघाड झाला आहे, असेच म्हटले पाहिजे. तो बिघाड कोठे झाला आणि घरातल्या घरात तो कसा दुरुस्त करता येईल, याचा विचार सीझन ऐन भरात येण्यापूर्वी व्हावा, हे बरे.

आहेराची सुरुवात प्रत्यक्ष लग्नापूर्वीच, केळवणापासून होते. लग्न ठरले की नातलग आणि स्नेही वधूला किंवा वराला, घरच्या मंडळींसह, आपल्या घरी जेवावयास बोलावतात. पाटाभोवती रांगोळी घालतात, एखादे पक्वान्न करतात, जेवण झाल्यावर खण, नारळ आणि तांदूळ यांनी मुलीची ओटी भरतात व हातावर लहानशी भेट ठेवतात. मुंजीपूर्वी बटूचेही असेच केळवण होते. काही ठिकाणी या मेजवानीला गडगनेर असेही म्हणतात. लग्नाच्या धांदलीत दोन शब्द बोलावयासही कोणाला सवड नसते. म्हणून घर सोडून जाणाऱ्या मुलीला प्रत्येक जवळच्या घराने एकदा आपल्या पंगतीला बसवावे, तिच्याशी निवांत बोलावे, हा केळवणाचा खरा हेतू. भेट ही त्या जेवणामागून येणारी गोष्ट आहे.

अमेरिकेत याच्याच जवळपासची एक चाल आहे. तिला तेथे 'ब्रायडल शॉवर' म्हणतात. शॉवर म्हणजे सर, वर्षाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडील शहरांतून ती रूढ झाली. लग्नापूर्वी वधूच्या मैत्रिणी जमतात आणि प्रत्येक जण नव्या संसाराला लागणारी एखादी वस्तू आणते. कधी सगळी स्वयंपाकघरातली भांडी, कधी सगळ्या चादरी आणि रुमाल, असा विषय आधी ठरवून घेतात. या चालीच्या उगमाविषयी तिकडे एक दंतकथा सांगतात. हॉलंडमधील एका मुलीला गरीब गिरणीवाल्याशी लग्न करावयाचे होते. बापाने रागावून हुंडा देण्याचे नाकारले. तेव्हा गावकऱ्यांनी आपापल्या घरून एकेक वस्तू आणून तिचा संसार उभा करून दिला. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि कोणाही एकावर भार पडू नये, हे ते मर्म होय. तेथील जुन्या शिष्टाचारात आणखी एक नियम असे. वधूच्या आईने किंवा बहिणीने हा समारंभ स्वतः करू नये. कारण घरच्याच माणसांनी बोलावणे केले तर ते भेटी मागितल्यासारखे दिसते. हल्ली पुण्यामुंबईच्या मुलीही आपल्या मैत्रिणीसाठी असा समारंभ करू लागल्या आहेत. त्यात वावगे काही नाही. मात्र केळवण आणि हा समारंभ यांत एक भेद आहे, तो खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तिकडे पाहुण्या भेट घेऊन येतात. केळवणात जेवण घालणारे घरच भेटही देते. म्हणजे केळवणाचा दुहेरी भार एकाच घरावर पडतो, आणि लग्नाच्या दिवशी तेच घर पुन्हा आहेर घेऊन उभे राहते.

आता बिघाडाच्या मुळाकडे वळावे. लग्नघरात एका कोपऱ्यात वही घेऊन बसलेले एक काका असतात. पाकिटे फोडून कोणी किती दिले हे ते नोंदवून ठेवतात. कोठे कोठे तर आहेराचे आकडे नावानिशी ध्वनिक्षेपकावरून पुकारले जातात. वही ठेवणे ही वाईट गोष्ट नव्हे. पण या वहीचा उपयोग पुढे काय होतो? त्या घरी कार्य निघाले की वही काढावयाची, पान शोधावयाचे आणि तितकाच आकडा, फार तर थोडा वाढवून, परत करावयाचा. अशा रीतीने भेट हे उसने होते, वही ही खातेवही होते आणि लग्न हा हप्ता फेडण्याचा दिवस होतो. उसन्याचा धर्म असा की ते वेळेवर फेडले नाही तर मान खाली जाते. म्हणूनच पाकिटात पुरेशी रक्कम नसलेला माणूस लग्नाला जाण्याचे टाळतो.

देवघेवीचे हे बंधन केवळ महाराष्ट्रातच आहे असे मात्र नाही. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली भेटीच्या प्रथेवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पॅसिफिक महासागरातील बेटे, उत्तर अमेरिकेचा वायव्य किनारा अशा ठिकाणच्या चालींचा अभ्यास करून त्याने दाखविले की, भेट वरवर स्वखुशीची दिसली तरी तिच्यात तीन बंधने असतात : देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परतफेड करण्याचे. परतफेडीच्या या बंधनामुळेच समाजात माणसे एकमेकांशी जोडलेली राहतात, हे खरे. तेव्हा परतफेड अजिबात नको असे म्हणता येणार नाही. प्रश्न इतकाच आहे की परतफेड कशाची करावयाची? आकड्याची की आपुलकीची? ज्याचे उत्पन्न पाच पट आहे त्याने पाच हजार दिले म्हणून दुसऱ्यानेही पाच हजारच दिले पाहिजेत, असा नियम केला तर ती परतफेड नव्हे. तो दंड झाला. देणाऱ्याची ऐपत आणि नात्याची जवळीक या दोनच गोष्टींवरून आहेराचा आकडा ठरावा. समोरच्याच्या वहीतील पान त्यात तिसरे येऊ नये. या एका नियमावर पुढचा सारा हिशेब उभा आहे.

हल्ली आणखी एक माप निघाले आहे, ते ताटाच्या किमतीचे. यजमानाला एका पानामागे अमुक इतके रुपये पडले असतील, म्हणून चौघे जेवावयास गेलो तर निदान तितके तरी द्यावे, असा हिशेब सुशिक्षित माणसेही करताना आढळतात. हे माप सर्वांत चुकीचे. पाहुणा खाणावळीत गेलेला नसतो. कार्यालय कोणते घ्यावे आणि पंगतीला किती पदार्थ वाढावे हे यजमानाने आपल्या हौसेने ठरविलेले असते. त्या हौसेची वसुली पाहुण्याच्या पाकिटातून व्हावी, असे कोणताही भला यजमान इच्छिणार नाही.

ऐपत ठरवावयाची म्हणजे वर्षाचा अंदाज आधी बांधला पाहिजे. लग्नाचे मुहूर्त वर्षभर सारखे पसरलेले नसतात. चातुर्मासात सामान्यतः लग्ने होत नाहीत. पौषातही पुष्कळ लोक मुहूर्त धरीत नाहीत. त्यामुळे मार्गशीर्ष, माघ, फाल्गुन आणि मग वैशाख, ज्येष्ठ या महिन्यांत त्यांची गर्दी होते. मे महिन्यात मुलांना सुट्टी म्हणून एकेका आठवड्यात तीन तीन पत्रिका येतात आणि त्याच्याच पाठोपाठ जूनमध्ये शाळा उघडतात. खर्च असा ठरावीक महिन्यांत कोसळणारा असल्यामुळे त्या त्या महिन्याच्या पगारातून तो भागविण्याचा प्रयत्न केला की ओढाताण होणारच. यावर उपाय सोपा आहे. आहेराचे वर्ष आषाढी एकादशीपासून धरावे आणि दर महिन्यास एक ठरावीक रक्कम त्यासाठी बाजूस काढावी.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९,००,००० रुपये आहे आणि त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे १८,००० रुपये, आहेरासाठी ठेवावयाचे त्या घराने ठरविले आहे. दरमहा १,५०० रुपये बाजूला पडले म्हणजे चातुर्मासाच्या चार महिन्यांतच ६,००० रुपये साठतात. आता वर्षातील संभाव्य लग्नांची यादी करावी. त्यात एक सख्खी भाची आहे. तिच्यासाठी केळवणाच्या जेवणापासून लग्नातील भेटीपर्यंत सगळे मिळून ६,००० रुपये धरले. चुलत, मावस अशा नात्यातील तीन लग्नांना प्रत्येकी १,५०१ प्रमाणे ४,५०३ झाले. कचेरीतील आणि शेजारपाजारची आठ लग्ने प्रत्येकी ५०१ प्रमाणे ४,००८ रुपयांची. जाण्यायेण्याच्या खर्चासाठी २,००० धरले. एकूण बेरीज १६,५११ रुपये. उरलेले १,४८९ रुपये अवचित आलेल्या पत्रिकेसाठी राखून ठेवावे. ज्या घराचे उत्पन्न याच्या निम्मे असेल त्याने हे सारे आकडे निम्मे करावे आणि त्यात संकोच मानू नये. ज्या घरावर कर्जाचे हप्ते आहेत किंवा आजारपण आहे त्याने पन्नासाव्याऐवजी शंभरावा भाग धरावा. आकडा कोणता, याला महत्त्व नाही. तो पत्रिका येण्यापूर्वी शांतपणे ठरलेला असावा, याला महत्त्व आहे. आधी ठरलेली रक्कम देताना हात आखडत नाही आणि भरीस पडून तो सैलही सुटत नाही.

या हिशेबात दोन गोष्टी बहुधा विसरल्या जातात. पहिली अशी की केळवण आणि लग्न हे दोन प्रसंग असले तरी नाते एकच असते. म्हणून एकूण रक्कम आधी ठरवून तिची वाटणी करावी. केळवणाला साडी, लग्नात पाकीट आणि मांडवपरतणीला आणखी काही, असे प्रत्येक वेळी नव्याने ठरवीत गेले की बेरीज हाताबाहेर जाते. केळवणात जेवणावर भर द्यावा आणि भेट लहान ठेवावी; मावशीच्या हातची पुरणपोळी ही भेटच असते. ज्या घराने मुलीला मनापासून जेवू घातले त्याने वेगळी भेट दिली नाही तरी काही उणे पडत नाही. दुसरी गोष्ट प्रवासाची. नागपूरहून रत्नागिरीला लग्नासाठी चौघांनी जावयाचे म्हणजे गाडीभाडेच आहेराच्या कितीतरी पट होते. इतक्या दुरून आलेल्या माणसाच्या पाकिटाकडे पाहण्याचा अधिकार यजमानाला राहत नाही. जे यजमान गावाबाहेर, डोंगरावर किंवा समुद्रकाठी मोठ्या हौसेने लग्न करतात, त्यांनी तर पत्रिकेतच आहेर नको असे नम्रपणे कळवावे, हे अधिक चांगले.

कचेरीतील वर्गणीचा प्रकार आणखी नाजूक आहे. एखाद्या सहकारी मुलीचे लग्न ठरले की सगळे मिळून तिचे केळवण करतात. जेवण आणि भेट यांची वर्गणी काढतात. कल्पना चांगली, परंतु तेथे साहेबापासून शिपायापर्यंत सर्वांना एकच आकडा लावला जातो. साहेबाला तो आकडा चहाच्या खर्चाइतका वाटतो. शिपायाला तो दोन दिवसांच्या भाजीचा असतो, आणि 'नाही' म्हणण्याची सोय त्याला नसते. यासाठी तीन नियम पाळावेत. सर्वांत कमी पगाराच्या माणसाला सहज झेपेल तोच आकडा ठरवावा. ज्याला अधिक द्यावयाचे असेल त्याने ते बंद पाकिटात द्यावे. आणि कोणी किती दिले याची यादी भिंतीवर किंवा मोबाइलवरील गटात कधीही लावू नये. शुभेच्छेच्या कागदावर मात्र सर्वांच्या सह्या सारख्याच असाव्यात.

आता काय द्यावे, याविषयी. रोख रक्कम द्यावी की वस्तू, असा वाद नेहमी होतो. नवीन संसाराला पैशाचा उपयोग सर्वांत अधिक होतो आणि देणाऱ्याचा शोधाशोधीचा त्रासही वाचतो, म्हणून दूरच्या नात्यात रोख आहेर सोयीचा. तो देताना ५०० ऐवजी ५०१, १,००० ऐवजी १,००१ अशी एक रुपयाची भर घालण्याची रीत आहे. शेवटी शून्य येऊ नये, हिशेब मिटल्यासारखा वाटू नये, पुढे देणेघेणे चालू राहावे, असा तिचा अर्थ सांगतात. जपानमध्ये लग्नाच्या भेटीत सम आकडा टाळतात. जी रक्कम दोघांत सारखी विभागता येते ती जोडप्याला देऊ नये, अशी तिकडची समजूत. दोन्हींकडे भाव एकच आहे. मोबाइलवरून रक्कम पाठविणाऱ्यानेही तो वरचा रुपया विसरू नये आणि सोबत दोन ओळींचा आशीर्वाद लिहावा. नुसती रक्कम जमा झाल्याची सूचना म्हणजे वीजबिलाच्या पावतीसारखी वाटते.

जवळच्या नात्यात वस्तू द्यावी, पण ती विचारून. अमेरिकेत वधूवर आपल्याला लागणाऱ्या वस्तूंची यादी दुकानात ठेवतात आणि स्नेही त्यांतून आपल्या ऐपतीप्रमाणे निवड करतात. शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानाने १९२४ साली ही सोय सुरू केली. महाराष्ट्रात अशी यादी पत्रिकेबरोबर पाठविणे मागितल्यासारखे दिसेल, परंतु मामा-मामींनी भाचीला घरातल्या घरात, "तुला कुकर हवा की इस्त्री?" असे विचारण्यात कसला कमीपणा? न विचारता दिल्यामुळेच एका घरात सात भिंतीवरची घड्याळे आणि पाच चहाचे संच जमतात. विचारताना आकड्याची मर्यादा आपल्या मनाशी ठेवावी आणि जोडपे नोकरीसाठी परगावी जाणार असेल तर काचेच्या किंवा अवजड वस्तू टाळाव्यात. दोनतीन भावंडांनी मिळून एकच उपयोगी वस्तू देणे हे तर सर्वांत उत्तम.

आहेराच्या साड्यांचा एक स्वतंत्र वर्ग असतो, हे प्रत्येक घरच्या कपाटाला ठाऊक आहे. त्या नेसल्या जात नाहीत. या घरून त्या घरी फक्त प्रवास करतात, आणि कधी कधी फिरत फिरत मूळ घरी परत येतात. जी साडी आपण नेसणार नाही ती दुसरीला देऊ नये, इतका साधा नियम पाळला तर हा प्रवास थांबेल. त्यापेक्षा एक चांगला सुती टॉवेलजोड किंवा एखादे वाचनीय पुस्तक दिलेले अधिक शोभते. आणि पत्रिकेत 'आहेर आणू नये' असे छापले असेल तर तो संकोच किंवा उपचार न समजता त्याचा मान राखावा. तरीही हट्टाने पाकीट पुढे करणारा माणूस, ज्यांनी आणले नाही त्यांना खजील करीत असतो.

देणाऱ्याइतकीच घेणाऱ्याचीही रीत असते. किंबहुना आहेराचे उसने होऊ न देणे हे मुख्यतः घेणाऱ्याच्याच हाती आहे. भेट दोन्ही हातांनी घ्यावी, नमस्कार करावा, ती तेथल्या तेथे उघडून तिची किंमत अजमावू नये. 'अमक्यांनी काय दिले?' हा प्रश्न लग्नघरात कोणी विचारला तर यजमानाने हसून विषय बदलावा. महिन्याभरात प्रत्येकाला नावाने आणि वस्तूच्या उल्लेखासह आभार कळवावेत. 'आपण दिलेल्या कढईत काल पहिली भाजी केली' या एका वाक्याने देणाऱ्याला जो आनंद होतो तो छापील आभारपत्राने होत नाही. वही अवश्य ठेवावी, पण ती या आभारांसाठी. आणि ज्यांना परिस्थितीमुळे येणे जड जाईल अशा आप्तांना बोलावताना घरच्या वडीलधाऱ्याने स्वतः जाऊन, "हात हलवीत या, पण याच," असे स्पष्ट सांगावे. हे एक वाक्य यजमानाला काही खर्चात पाडीत नाही. पण त्याने एखाद्या आत्याबाईंची वर्षाची काळजी दूर होते.

येथे एका गंभीर गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. वधूला आलेला आहेर कोणाच्या मालकीचा? कित्येक घरांत अशी चाल आहे की नव्या सुनेला आलेल्या साड्या आणि भांडी सासरची मंडळी परतीच्या आहेरात वाटून टाकतात. पाकिटे मांडवाचा खर्च भागविण्यास जातात. आणि तिला कोणी विचारीतही नाही. वधूला मिळालेल्या भेटी हे तिचे स्त्रीधन होय. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्त्रीधनाची पूर्ण मालकी स्त्रीचीच असते. सासरी नांदावयास गेली म्हणून ते नवऱ्याच्या किंवा सासरच्या मालकीचे होत नाही. तेव्हा तिच्या साडीचा परतीचा आहेर करावयाचा असेल तर तो तिने आपखुशीने केला पाहिजे.

१९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात भेट आणि हुंडा यांच्यामधली रेषाही आखून दिलेली आहे. लग्नाच्या वेळी वधूला किंवा वराला कोणतीही मागणी न होता दिलेली भेट चालते. परंतु तिची नोंद यादीत झाली पाहिजे. वधूपक्षाकडून वराला जाणारी भेट रिवाजाला धरून असावी आणि देणाऱ्याच्या सांपत्तिक स्थितीच्या मानाने तिची किंमत अवाजवी नसावी, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे ऐपतीपलीकडे देऊ नये, ही केवळ गृहिणीची काटकसर नाही. कायद्याचेही तेच सांगणे आहे. यादीचे नियम १९८५ साली झाले. वधूने आपल्या भेटींची आणि वराने आपल्या भेटींची लेखी यादी करावी. प्रत्येक भेटीचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते तीत लिहावे. आणि दोघांनीही तिच्यावर सही करावी. कोपऱ्यातील काकांची वही या कामी लावली तर ती परतफेडीची खातेवही न राहता वधूच्या हक्काचा कागद होईल. प्राप्तिकराच्या दृष्टीनेही ही यादी उपयोगी पडते. लग्नानिमित्त वधूवरांना मिळालेल्या भेटींवर कर नाही. मात्र ही सवलत त्या दोघांपुरतीच आहे, त्यांच्या आईवडिलांना मिळालेल्या भेटींना ती लागू नाही.

मागणी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. 'आमचे काही मागणे नाही, पण आमच्याकडे विहिणीच्या मानाला पैठणी असते,' असे बैठकीत बोलले गेले की मानपान आणि मागणी यांतील अंतर संपते. मागून घेतलेला आहेर हा आहेर नव्हेच. हुंडा देण्याघेण्यास कायद्याने सामान्यतः निदान ५ वर्षांची कैद सांगितली आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षाही मोठी गोष्ट अशी की मागितल्याबरोबर देण्यातला आनंद नाहीसा होतो आणि मुलीच्या बापाच्या मनात त्या दिवसाची आठवण कायमची कडू राहते.

महाराष्ट्रातील कीर्तनकारांनी आणि आजीबाईंनी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे. सत्यभामेने श्रीकृष्णाची तुला केली. एका पारड्यात देव, दुसऱ्यात तिचे सारे दागिने. पण पारडे हलेना. रुक्मिणीने तुळशीचे एक पान ठेवले आणि देव वर उचलला गेला. ही कथा ऐकून माना डोलावणारी माणसेच मांडवात पाकिटाची जाडी अजमावतात, ही मौज आहे. 'फूल ना फुलाची पाकळी' असे म्हणत आहेर पुढे करण्याची मराठी रीत आहे. देणाऱ्याने ते शब्द खरे करून आपल्याला झेपेल तेवढेच द्यावे आणि घेणाऱ्याने ते तितक्याच खऱ्या मनाने घ्यावे. मग पत्रिका आल्यानंतर घरात ती शांतता पसरणार नाही. आणि ज्या मुलीला कडेवर घेऊन फिरविले तिच्या डोक्यावर अक्षता टाकावयास आत्या, मावशी आणि शेजारच्या काकू, पाकिटाची चिंता न करता, वेळेवर मांडवात हजर असतील.